स्ट्रेचर उचलणारे आपण, निर्णय घेणारे कोण?

शेंद्र्याची जाहिरात आपण सगळ्यांनी पाहिली आहे. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉर, शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे दहा हजार एकरांची ऑरिक सिटी, 2001 साली सुरू झालेला स्कोडाचा कारखाना, सप्टेंबर 2019 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालेला ऑरिक हॉल. रस्ते रुंद, दिवे झगमगीत, नकाशा रंगीत. या जाहिरातीत एक प्रश्न मात्र कुठेच सापडत नाही. रात्री दोन वाजता एखाद्या छोट्या युनिटमध्ये ठेका कामगाराचा हात प्रेसखाली सापडला, तर त्याच्यापर्यंत कोण कोण, कोणत्या क्रमाने पोहोचते? त्या प्रत्येकाचे शिक्षण काय? त्याला पगार कोण देतो? आणि तो उद्या नोकरीवर असेल याची हमी कोण देतो?

"ग्रामीण भागात तज्ज्ञ डॉक्टर जायला तयार नाहीत" हे वाक्य आरोग्यावरच्या प्रत्येक चर्चेत ऐकू येते आणि चर्चा तिथेच संपते. आम्हाला ती तिथून सुरू करायची आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: जीव वाचवण्याच्या साखळीत जो माणूस रुग्णाच्या सगळ्यात जवळ असतो, त्याचे प्रशिक्षण सगळ्यात कमी, पगार सगळ्यात कमी आणि नोकरी सगळ्यात कच्ची ठेवलेली आहे. जो सगळ्यात जास्त शिकलेला आहे, तो रुग्णापासून सगळ्यात लांब आहे. ही रचना आपोआप झालेली नाही. बाबासाहेबांनी 1936 साली जातीच्या निर्मूलनावर लिहिताना दाखवून दिले होते की जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्यांचीच उतरंडीत केलेली वाटणी आहे. आज ही उतरंड बघायची असेल तर अपघात विभागाच्या दारात तासभर उभे राहावे.

साखळीची एकेक कडी

पहिली कडी कारखान्याच्या आत. 1948 च्या कारखाना कायद्याचे कलम 45 सांगत असे की दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी हवी, आणि ती प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या ताब्यात हवी. पाचशेपेक्षा जास्त कामगार असतील तर रुग्णवाहिका कक्ष, डॉक्टर आणि परिचारिका हव्यात. 2020 च्या श्रम संहितेतही पाचशेचा हा आकडा तसाच आहे. आता हा आकडा कुणाच्या सोयीचा आहे ते पाहा. मोठी कंपनी तिचे सुटे भाग लहान युनिटांकडून करून घेते. त्या युनिटांत पन्नास, ऐंशी, शंभर माणसे राबतात. तिथे डॉक्टर नाही, परिचारिका नाही, आणि तरीही कायदा मोडलेला नाही. सगळ्यात जुनी यंत्रे आणि सगळ्यात लांब पाळ्या मात्र तिथेच असतात. 31 डिसेंबर 2023 च्या पहाटे आपल्याच जिल्ह्यात, वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेल्यांपैकी सहा कामगार मेले. जिथे राबायचे तिथेच झोपायचे, अशा जागी पहिला 'आपत्कालीन तज्ज्ञ' म्हणजे शेजारी झोपलेला दुसरा कामगार.

दुसरी कडी 108 ची गाडी. महाराष्ट्रात ही सेवा 2014 साली सुरू झाली. 937 गाड्या, त्यांतल्या 233 प्रगत जीवनरक्षक सामग्रीच्या आणि बाकीच्या प्राथमिक सोयीच्या. गाडीत डॉक्टर असतो हे आपल्या राज्याचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते. हा डॉक्टर बहुतेक वेळा आयुर्वेद, युनानी किंवा होमिओपॅथीचा पदवीधर असतो. गाडी सरकारी दिसते, पण सेवा ठेक्यावर चालते. चालकही ठेक्यावर, डॉक्टरही ठेक्यावर.

तिसरी कडी गावातली आशाताई, उपकेंद्रातली परिचारिका आणि समुदाय आरोग्य अधिकारी. आशाताईला सरकार कर्मचारी मानतच नाही. 2005 पासून ती 'स्वयंसेविका' आहे, मोबदला कामाच्या नगावर. उपकेंद्रातला अधिकारी म्हणजे पुन्हा बहुतेकदा आयुर्वेदाचा पदवीधर, सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केलेला आणि कंत्राटी. याच कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांना कायम होण्यासाठी 2023 मध्ये राज्यभर संप करावा लागला.

चौथी कडी घाटी. 1956 साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय. मराठवाड्याचे जिल्हे तर येतातच, शिवाय बुलडाणा, जळगाव, अहिल्यानगरकडचे रुग्णही इथेच येतात. शेंद्र्याहून घाटीला जायचे म्हणजे चिकलठाणा, सिडको ओलांडून अख्खे शहर पार करायचे. ज्यांच्या खिशात पैसे आहेत त्यांच्यासाठी जालना रोडवरच थांबायची सोय आहे. गरिबाची गाडी पुढे जात राहते. मोटार वाहन कायद्यात 2019 साली 'गोल्डन अवर'ची व्याख्या आली: दुखापतीनंतरचा पहिला तास, ज्यात उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त. हा तास सगळ्यांना साठ मिनिटांचाच मिळतो. फरक एवढाच की काहींची साठ मिनिटे उपचारात जातात आणि काहींची रस्त्यात.

न्यायालय एक सांगते, सरकार दुसरे करते

26 एप्रिल 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या एका प्रकरणात निकाल दिला. आयुर्वेद पदवीच्या सरकारी डॉक्टरांनी एमबीबीएस डॉक्टरांइतके वेतन मागितले होते. न्यायालयाने नकार दिला. दोघांचे काम सारखे नाही, आणि आपत्कालीन सेवा आणि अपघातातील जखमींवरचे उपचार जसे ॲलोपॅथीचे डॉक्टर करू शकतात तसे आयुर्वेदाचे डॉक्टर करू शकत नाहीत, असे कारण दिले.

हे कारण आता शेंद्र्याच्या रस्त्यावर आणून ठेवा. जे काम हा पदवीधर करू शकत नाही असे देशाचे सर्वोच्च न्यायालय म्हणते, नेमक्या त्याच कामावर महाराष्ट्राचे सरकार त्याला नेमते. 1961 च्या राज्य कायद्याचा आणि त्याखालच्या अधिसूचनांचा आधार घेऊन त्याला आधुनिक औषधे वापरायची मुभा मिळते. म्हणजे काम करून घेताना तो डॉक्टर, आणि पगार देताना तो डॉक्टर नाही. आपल्या पूर्वजांना ही पद्धत ओळखीची आहे. महारकीचे काम अख्ख्या गावाचे, जबाबदारी अख्ख्या गावाची, आणि बलुते मागायला मात्र हात पसरून उभे राहायचे.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आमचे भांडण त्या गाडीत बसलेल्या डॉक्टराशी नाही. नीटची महागडी शिकवणी परवडली नाही, एमबीबीएसची जागा थोड्या गुणांनी हुकली, म्हणून आयुर्वेदाला गेलेली आपली कितीतरी मुले-मुली आहेत. बारा-बारा तास गाडीत बसून ती जीव वाचवतात. त्यांना नीट प्रशिक्षण द्या, कायम करा, कामाइतके वेतन द्या, ही आमची मागणी आहे. पण त्याच वेळी रुग्णाच्या बाजूने विचारावेच लागेल: ज्यांना परवडते त्यांच्या रुग्णालयात एमडी झालेला तज्ज्ञ, आणि आमच्या वस्तीत मात्र "नसल्यापेक्षा बरे" हे तत्त्व का? दोन प्रतीची नागरिकता घटनेत कुठे लिहिली आहे?

तज्ज्ञ होतो कोण?

आपत्कालीन वैद्यक ही स्वतंत्र विद्याशाखा म्हणून भारतात 2009 साली मान्य झाली. पुढे 2020 च्या नियमांत हा विभाग वैद्यकीय महाविद्यालयांना बंधनकारक झाला, आणि 2023 च्या नियमांत बंधनकारक विभागांच्या यादीतून वगळला गेला. म्हणजे ज्या तज्ज्ञांचा तुटवडा आहे म्हणून गळा काढला जातो, ते घडवण्याची सक्तीच काढून टाकली.

जे थोडे तज्ज्ञ घडतात ते कोणत्या घरांतून येतात? पदव्युत्तर जागा थोड्या. अभिमत विद्यापीठांची फी लाखांत, आणि तिथे आपल्या आरक्षणाला जागा नाही. त्याच्या वरची पायरी, म्हणजे अतिविशेष शाखा, तिथे तर 1992 च्या इंद्रा साहनी निकालापासून आणि नंतर 1999 च्या प्रीती श्रीवास्तव निकालापासून दार बंदच. वर जावे तसे गुणवत्तेचे नाव मोठे होत जाते आणि आपली माणसे कमी होत जातात. समाजशास्त्रात याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात. साध्या भाषेत सांगायचे तर, बाप डॉक्टर, सासरा डॉक्टर, दवाखाना तयार, आणि मुलाला वाटते मी गुणवत्तेवर आलो.

आणि यातूनही जी वर पोहोचते तिचे काय होते? डॉ. पायल तडवी. जळगाव जिल्ह्यातली, तडवी भिल्ल आदिवासी समाजातली मुलगी. मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोग शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेत होती. 22 मे 2019 रोजी तिने जीवन संपवले. तीन वरिष्ठ सहकाऱ्यांवर जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला. ती जगली असती तर अडलेल्या बाळंतिणीला वाचवणारी एक तज्ज्ञ ग्रामीण महाराष्ट्राला मिळाली असती. "तज्ज्ञ खेड्यात जात नाहीत" म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावे की खेड्यातून आलेली तज्ज्ञ तुमच्या वसतिगृहात जिवंत का राहत नाही.

ऑक्टोबर 2023 चे नांदेड आठवा. शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत 24 रुग्ण दगावले, त्यांत 12 नवजात बालके. औषधे, मनुष्यबळ, खाटा यांचा जाब मंत्रालयाला विचारायला हवा होता. त्याऐवजी हिंगोलीच्या तत्कालीन खासदारांनी प्रभारी अधिष्ठात्यांना कॅमेऱ्यासमोर शौचालय साफ करायला लावले. अधिष्ठाता आदिवासी समाजाचे. पुढे ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. या एका दृश्यात सगळे आले. माणूस वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वोच्च खुर्चीवर बसला, तरी व्यवस्था कोसळली की त्याच्या हातात झाडूच द्यायचा.

ठेकेदारी म्हणजे आरक्षणाला मागच्या दाराने काढलेली चिठ्ठी

6 सप्टेंबर 2023 रोजी सरकारने नऊ खासगी संस्थांमार्फत सरकारी पदे भरण्याचा निर्णय काढला होता. तरुण रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. पण आरोग्यात हेच कितीतरी आधीपासून चालू आहे, त्याची चर्चा होत नाही. ठेक्याच्या नोकरीत बिंदुनामावली पाळली का, हे कोण तपासतो? रुग्णवाहिकेचा चालक, वॉर्डबॉय, सफाई कामगार, सुरक्षारक्षक, तंत्रज्ञ ही पदे एकेकाळी आपल्या घरात पहिला सरकारी पगार आणत होती. त्या पगारावर दुसऱ्या पिढीने पदवी घेतली. आज तीच कामे आपलीच मुले करतात, फक्त पगार निम्म्यावर आला आणि पेन्शन गेली. पुढच्या पिढीतला डॉक्टर घडवण्याची शिडीच काढून घेतली.

बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखणारा अदारकर अहवाल त्याच काळात, 1944 साली आला आणि त्यातून 1948 चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. आज कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के आणि मालकाकडून 3.25 टक्के या विम्यासाठी जातात. कामावर दुखापत झाली तर पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. उपचार मिळतात आणि कामाला जाता येत नाही तोवर सुमारे नव्वद टक्के वेतन मिळते. हे किती जणांना माहीत आहे?

आम्ही शेंद्र्याच्या आसपासच्या वस्त्यांत काम करतो. बोटे चिरडलेली मुले आम्हाला भेटतात. गोष्ट जवळपास सारखीच असते. ठेकेदाराने स्वतःच्या जीपमध्ये घातले, ओळखीच्या खासगी दवाखान्यात नेले, टाके घालून घेतले, हातावर दोन-चार हजार ठेवले आणि "घरी पडलो म्हणून सांग" असे बजावले. 108 ला फोन केला असता तर नोंद झाली असती. सरकारी दवाखान्यात नेले असते तर पोलिसांकडे वर्दी गेली असती. जीप भलाई म्हणून येत नाही, पुरावा पुसायला येते. रस्त्यावरच्या अपघातासाठी 2025 पासून दीड लाखापर्यंत, सात दिवस बिनापैशाच्या उपचाराची योजना आली आहे. पण प्रेसखाली सापडलेला हात त्या योजनेत बसत नाही. त्या हाताला बाबासाहेबांच्या काळात रुजलेला हा विमाच वाचवू शकतो. आणि नेमकी तिथली नोंद ठेकेदार होऊ देत नाही.

"आजारपणात जात कशाला आणता?"

हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. अपघाताला जात नसते, रक्ताचा रंग एकच असतो वगैरे. ठीक आहे. पण रात्रपाळीला ठेक्यावर यंत्रापुढे कोण उभे आहे, त्याची जात मोजा. त्याला उचलणाऱ्याची मोजा. सांडलेले रक्त पुसणाऱ्याची मोजा. आणि शेवटी, कुणाला आत घ्यायचे, कुणाला पुढे पाठवायचे, हे ठरवणाऱ्याचीही मोजा. मग रक्ताच्या रंगावर बोलू.

1992 साली बंगालमध्ये रेल्वेतून पडून जखमी झालेला हकीम शेख नावाचा शेतमजूर एकामागून एक सरकारी रुग्णालयांच्या दारात नेला गेला आणि प्रत्येकाने त्याला परत पाठवले. त्यावर 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वेळेवर उपचार नाकारणे म्हणजे कलम 21 खालचा जगण्याचा हक्क नाकारणे. घटनेचे हे कलम कागदावर पोहोचले, शेंद्र्याच्या रस्त्यावर अजून पोहोचायचे आहे.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. आरक्षण आले की दर्जा घसरतो म्हणे. मग ग्रामीण आपत्कालीन वैद्यकातले काम कुणी केले ते बघू. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसे पटापट मरत. पूर्वी शंभरातली तीस-एक दगावत. त्यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून मृत्यू जवळपास थांबवले ते डॉ. हिम्मतराव बावस्करांनी. शेंद्र्याशेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेड गावच्या गरीब शेतकरी घरातला हा मुलगा. रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून त्यांनी हे केले. लॅन्सेटसारख्या नियतकालिकाने त्यांचे संशोधन छापले. 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. जामखेडला 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच बायकांना आरोग्याचे प्रशिक्षण दिले. त्यांतल्या अनेक दलित वस्तीतल्या, काही तर निरक्षर. त्यांच्याकडून बाळंतपणे सुखरूप झाली आणि बालमृत्यू खाली आले. जिथे विश्वास आणि प्रशिक्षण एकत्र दिले, तिथे 'खालच्या' माणसाने जग शिकवले.

आणि 1897 चा प्लेग. सावित्रीमाईंनी डॉक्टर मुलगा यशवंत याला बोलावून घेतले, हडपसरजवळ दवाखाना काढला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला माईंनी स्वतः पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात नेले. मुलगा वाचला, माई 10 मार्चला गेल्या. पाठीवर उचलणारी आई आणि उपचार करणारा मुलगा एकाच घरातले होते, ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. फुल्यांच्या घरात उचलणारा खालचा आणि औषध देणारा वरचा नव्हता. आमची आरोग्यसेवेची कल्पना तिथून येते.

मांगीरबाबाच्या यात्रेत उभे राहून

शेंद्र्याला चैत्रात मांगीरबाबाची यात्रा भरते. मातंग समाजाचे हजारो लोक दूरदूरून येतात. पाठीत गळ टोचून नवस फेडण्याची प्रथा तिथे आहे. आम्ही बुद्धाच्या मार्गाने चालणारे, नवस मानत नाही. पण त्या बांधवांना हिणवून काही होणार नाही. नवस कशाचे असतात ते ऐका: मूल वाचू दे, आजार जाऊ दे, मूल होऊ दे. जिथे दवाखाना लांब आणि महाग असतो, तिथे देव जवळ आणि उधार असतो. अंधश्रद्धेवर भाषण देण्याआधी तिथे चोवीस तास उघडा, डॉक्टर असलेला दवाखाना द्या. गळ आपोआप गंजतील.

काय मागायचे, काय करायचे

सरकारकडे आमच्या मागण्या सरळ आहेत. तालुक्यातल्या प्रत्येक 108 गाडीवरच्या डॉक्टराची पदवी, त्याला मिळालेले आपत्कालीन प्रशिक्षण, कामाचे तास आणि ठेकेदाराचे नाव जाहीर करा. शेंद्रा-करमाड पट्ट्यात शस्त्रक्रियेसह चोवीस तास चालणारे अपघात उपचार केंद्र असावे, आणि त्यातले प्रत्येक पद, सफाई कामगारापासून तज्ज्ञापर्यंत, कायमस्वरूपी आणि बिंदुनामावलीप्रमाणे भरावे. 2021 च्या कायद्याने आपत्कालीन तंत्रज्ञाला व्यावसायिक म्हणून मान्यता दिली आहे. ते अभ्यासक्रम सरकारी महाविद्यालयांत शिष्यवृत्तीसह सुरू करा. आशाताईला परिचारिका होण्याची आणि आयुर्वेदाच्या पदवीधराला खरे आपत्कालीन प्रशिक्षण घेण्याची वाट सेवेत राहूनच मिळाली पाहिजे.

तरुणांसाठी चार गोष्टी. एक, कामावर जाणाऱ्या प्रत्येकाने आपला विमा क्रमांक घरी लिहून ठेवावा. क्रमांक नसेल तर ठेकेदाराला लेखी विचारावे. दोन, अपघात झाला की जीप नको, 108. दवाखान्यात "कामावर लागले" हेच लिहून घ्यावे, पोलिसांकडे गेलेल्या वर्दीचा क्रमांक मागावा. तीन, प्रत्येक विहारात आणि समता सैनिक दलाच्या प्रत्येक शाखेत किमान दहा जणांनी रक्तस्राव थांबवणे, छाती दाबून हृदय चालू ठेवणे, सर्पदंशात काय करू नये, हे शिकून घ्यावे. 14 एप्रिलच्या मिरवणुकीचा एका तासाचा डीजेचा खर्च एवढ्याला पुरतो. चार, माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. रिक्त पदे किती, ठेक्यावर किती, प्रवर्गनिहाय किती. उत्तर आले की ग्रामसभेत वाचून दाखवा.

बाबासाहेबांनी 1950 साली या शहरात मिलिंद महाविद्यालय उभे केले, तेव्हा मराठवाड्यात आपल्या मुलांना कॉलेज म्हणजे काय ते माहीत नव्हते. त्या नागसेनवनातून प्राध्यापक, कवी, अधिकारी निघाले. आता त्याच जिल्ह्यातून अपघात विभागाची खुर्ची सांभाळणारे, शेंद्र्यातच राहणारे, पगाराला कायम आणि माणसाला जवळ असलेले डॉक्टर निघाले पाहिजेत. स्ट्रेचर उचलण्यात कमीपणा नाही. सावित्रीमाईंनी तर पाठीवर उचलले. पण पिढ्यान्‌पिढ्या फक्त उचलतच राहायचे आणि आत काय होईल ते दुसऱ्याने ठरवायचे, हे आता चालणार नाही. स्ट्रेचरवर झोपलेला माणूस आपला आहे. त्याच्या बाबतीतला निर्णयही आपल्या हातात आला पाहिजे.

जय भीम! जय सावित्री!